आजारी राजा, सोळा वर्षांचा युवराज आणि एक सही: डेन्मार्क, १७८४

राजा जिवंत आहे, गादीवर आहे, पण राज्य चालवण्याच्या अवस्थेत नाही. मग कारभार कोणी पाहायचा? युवराजाने, असं आपण पटकन म्हणून जातो. पण युवराजाला तो अधिकार द्यायचा कोणी? आजारी राजानेच दिला, तर त्याच्या संमतीला किती अर्थ उरतो? दुसऱ्या कोणी दिला, तर राजाच्याही वरचा असा हा दुसरा कोण? हा पेच अनेक राजघराण्यांपुढे आला. पण तो सर्वांत उघडा पडला डेन्मार्कमध्ये, सातव्या ख्रिश्चनच्या काळात. १७६६ ते १८०८ अशी बेचाळीस वर्षं हा राजा गादीवर होता आणि त्यातला बहुतेक काळ मनाने आजारी होता. या काळात सत्ता आधी त्याच्या वैद्याकडे गेली, मग सावत्र आईच्या गटाकडे आणि शेवटी मुलाकडे. प्रत्येक वेळी सत्तेची किल्ली एकच होती, राजाची सही.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. राजाच्या आजाराने डेन्मार्कचं जेवढं बिघडवलं, त्याहून जास्त बिघडवलं तो आजार मान्यच न करणाऱ्या कायद्याने. युवराज फ्रेडरिकने १७८४ मध्ये केलं ते योग्य होतं. पण त्याने फक्त ‘कोण’ हा प्रश्न सोडवला. ‘किती’ आणि ‘कोणाला उत्तर देऊन’ हे प्रश्न तसेच राहिले, आणि त्यांची किंमत पुढे देशाने मोजली.

कायद्यात नसलेला आजार

१६६० मध्ये डेन्मार्क-नॉर्वेची गादी वंशपरंपरागत झाली आणि सरदारांच्या हातातली राजा निवडण्याची सत्ता संपली. १४ नोव्हेंबर १६६५ रोजी तिसऱ्या फ्रेडरिकने राजकायद्यावर सही केली. पेटर शूमाकर या तरुण अधिकाऱ्याने तो लिहिला होता. इतकी निरंकुश राजेशाही इतक्या स्पष्ट शब्दांत युरोपात क्वचितच कुठे लिहून ठेवली गेली असेल. राजा सगळ्या मानवी कायद्यांच्या वर आणि फक्त देवाला जबाबदार. त्याने ल्यूथरपंथी धर्म सोडायचा नाही, राज्याचे तुकडे करायचे नाहीत आणि हा कायदा मोडायचा नाही, एवढीच बंधनं. राजाची सत्ता कमी होईल असं काही कोणी त्याच्याकडून मिळवलं, तर ते बोललंच गेलं नाही आणि केलंच गेलं नाही असं समजावं, हेही त्यात होतं.

राजा अल्पवयीन असेल तर कारभार कसा चालवायचा, याची सोय कायद्यात होती. तेरा वर्षं पूर्ण झाली की राजा सज्ञान. पण प्रौढ राजाची बुद्धी काम करेनाशी झाली तर काय, यावर एक ओळही नव्हती. हा विसर नव्हता. राजा असमर्थ आहे असं ठरवण्याचा अधिकार कोणालाही दिला, की तो माणूस किंवा ते मंडळ राजाच्या वर बसतं आणि अख्ख्या कायद्याचा पायाच निघतो. निरंकुश सत्तेच्या तर्कात आजारी राजाला जागा नसते.

तीन कारभारी, तीन पद्धती

सातवा ख्रिश्चन १७४९ मध्ये जन्मला आणि जानेवारी १७६६ मध्ये, वयाची सतरा वर्षंही पुरी व्हायच्या आत, राजा झाला. लहानपणी त्याचा शिक्षक रेव्हेन्टलो त्याला क्रूरपणे मारत असे. राजा हुशार होता, हजरजबाबी होता, आणि त्याच वेळी भास, संशय, स्वतःला इजा करणं, अचानक संतापणं हेही होतं. आजचे अनेक अभ्यासक स्किझोफ्रेनियाकडे बोट दाखवतात. अडीचशे वर्षांनंतर खात्रीचं निदान कोण करणार? गादीवर आला त्याच वर्षी त्याचं लग्न इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जच्या पंधरा वर्षांच्या बहिणीशी, कॅरोलिन मटिल्डाशी, झालं. २८ जानेवारी १७६८ रोजी मुलगा झाला, तोच हा युवराज फ्रेडरिक.

त्याच वर्षी राजा परदेश दौऱ्यावर निघाला आणि आल्टोनाचा एक जर्मन वैद्य, योहान फ्रीडरिश स्ट्रुएन्से, सोबत गेला. त्याने राजाचा विश्वास मिळवला, पुढे राणीचं प्रेमही. सप्टेंबर १७७० मध्ये छापखान्यांवरची पूर्वतपासणी उठली, डिसेंबरमध्ये जुनं मंत्रिमंडळ बरखास्त झालं आणि जुलै १७७१ मध्ये राजाच्या हुकुमानेच असं ठरलं की स्ट्रुएन्सेने सही केलेला हुकूम राजाच्या सहीइतकाच ग्राह्य धरावा. हजाराहून अधिक हुकूम निघाले. त्यांतले कित्येक शहाणपणाचे होते, पण त्या सहीमागे ना रक्ताचं नातं होतं, ना दरबारातला पाठिंबा. १७ जानेवारी १७७२ च्या पहाटे, मुखवट्यांच्या नृत्यानंतर, राजाची सावत्र आई युलियाना मारिया, सावत्र भाऊ राजपुत्र फ्रेडरिक आणि त्यांचे साथीदार राजाच्या शयनगृहात शिरले. घाबरलेल्या राजाकडून त्यांनी अटकेच्या हुकुमांवर सह्या घेतल्या. त्यातला एक हुकूम त्याच्या स्वतःच्या राणीच्या अटकेचा होता. स्ट्रुएन्से आणि त्याचा मित्र ब्रांट यांना २८ एप्रिल रोजी मृत्युदंड दिला गेला. राजसत्ता बळकावणं हा स्ट्रुएन्सेवरचा मोठा आरोप, तर ब्रांटवरचा आरोप राजाच्या अंगावर हात टाकल्याचा. राणी क्रोनबोर्गच्या किल्ल्यात कैद झाली, घटस्फोट झाला आणि तिला जर्मनीतल्या सेले इथे पाठवलं गेलं. १७७५ मध्ये तेविसाव्या वर्षी ती वारली. चार वर्षांचाही न झालेला युवराज तिला पुन्हा दिसला नाही.

मग सावत्र आईच्या गटातल्या ओव्हे होग-गुल्डबर्गचे दिवस आले. मुळात शिक्षक असलेला हा माणूस धोरणी होता. स्ट्रुएन्सेची चूक त्याने नेमकी ओळखली: स्वतःच्या नावाने सही करायची नाही. सही राजाचीच, मजकूर आपला. मंत्रिमंडळ नावाला परत आलं, पण खरे निर्णय राजाच्या खासगी कचेरीतून निघणाऱ्या हुकुमांनी होत राहिले. बारा वर्षं हे चाललं. सरकारी पदं देशात जन्मलेल्यांनाच मिळावीत असा १७७६ चा कायदा याच काळातला, आणि आंद्रेआस पीटर बर्नस्टॉर्फ हा कर्तबगार परराष्ट्रमंत्री १७८० मध्ये घालवला गेला तोही याच काळात.

या पद्धतीत सत्ता कोणाकडे, हे एकाच गोष्टीवर ठरतं: राजाच्या खोलीत जायला कोणाला मिळतं. म्हणून त्या आजारी माणसाला कधीच एकटं सोडलं गेलं नाही, आणि जो त्याच्याजवळ असे तो सोबती कमी आणि पहारेकरी जास्त. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत दुःखाची गोष्ट हीच वाटते. त्याला शांतता हवी होती. पण तो शांत बसला तर राज्य थांबणार होतं, कारण राज्य त्याच्या बोटांत होतं.

युवराजाची तयारी

युवराजाचं बालपण विचित्र गेलं. स्ट्रुएन्सेच्या काळात रूसोच्या विचारांप्रमाणे त्याला थंड पाणी, थोडे कपडे आणि साधं अन्न देऊन वाढवलं. आई गेल्यावर तो ज्यांनी तिला घालवलं त्यांच्याच दरबारात राहिला. आजी मानायची ती बाई आणि काका म्हणायचा तो राजपुत्र, दोघेही त्याच्या वारशाच्या आड उभे होते.

राजकायद्याप्रमाणे राजा तेराव्या वर्षानंतर सज्ञान. युवराजाने १७८१ मध्ये ते वय ओलांडलं. पण मंत्रिमंडळात बसण्याआधी चर्चमध्ये त्याचा धर्मदीक्षेचा विधी व्हायला हवा होता, आणि हा विधी गुल्डबर्गच्या गटाने लांबवत नेला. या तीन वर्षांत युवराज गप्प बसला नाही. दरबारातला त्याचा विश्वासू योहान ब्यूलो, अर्थकारणातला अर्न्स्ट शिमेलमान आणि दूर आपल्या जहागिरीवर बसलेला बर्नस्टॉर्फ यांच्यात गुप्त पत्रं फिरत होती. सोळा वर्षांच्या मुलाने एकट्याने हे सारं रचलं, असं मी म्हणणार नाही; मागे अनुभवी माणसं होती. पण प्रत्यक्ष जोखीम त्याची होती, कारण राजासमोर कागद ठेवायचा तो त्यानेच.

४ एप्रिल १७८४ रोजी दीक्षाविधी झाला. सावध झालेल्या गुल्डबर्गच्या गटाने मंत्रिमंडळात आपली माणसं भरली. १४ एप्रिलला बैठक भरली आणि युवराज पहिल्यांदाच तिथे बसला. नव्या सदस्यांचा शपथविधी सुरू होण्याआधीच त्याने एक कागद काढून वाचला आणि राजापुढे सहीसाठी ठेवला. खासगी कचेरीचा कारभार बंद, बर्नस्टॉर्फला परत बोलवावं, आणि यापुढे युवराजाची सही सोबत असल्याशिवाय राजाचा कोणताही हुकूम ग्राह्य धरू नये. काकाने अडवायचा प्रयत्न केला. राजाने घाईघाईने सही केली आणि तो खोलीबाहेर पळाला. काका त्याच्या मागे धावला, कारण आता तोच राजा काकासाठी दुसऱ्या कागदावर सही करू शकला असता. युवराजही मागोमाग गेला आणि काका-पुतण्यात अक्षरशः झटापट झाली. राजा युवराजाच्या ताब्यात राहिला. रक्त सांडलं नाही. गुल्डबर्गला तुरुंगात न टाकता जटलंडमध्ये सरकारी पदावर पाठवलं गेलं. १७७२ च्या रात्रीशी ताडून पाहिलं तर हा संयम मोठा वाटतो.

त्या सहीत काय होतं

तिन्ही पद्धती शेजारी ठेवून पाहिल्या की युवराजाच्या कागदाचं वेगळेपण कळतं. स्ट्रुएन्सेने राजाच्या सहीच्या *जागी* आपली सही आणली. गुल्डबर्गने राजाच्या सहीच्या *मागे* स्वतःला लपवलं. युवराजाने राजाच्या सहीच्या *शेजारी* आपली सही ठेवली. यातला फरक केवळ मांडणीचा नाही. दोन सह्या लागणार म्हटल्यावर राजाच्या खोलीत घुसून कागद मिळवण्याला किंमत उरली नाही. त्या दिवसानंतर राजा राजकीय लूट म्हणून निरुपयोगी झाला, आणि त्यामुळेच त्याला थोडी मोकळीक मिळाली असावी, असं मला वाटतं.

कायद्याच्या काटेकोर नजरेने मात्र हा हुकूम टिकत नाही. राजाच्या सत्तेला कात्री लावणारं काही राजाकडून मिळवलं तर ते शून्य, असं राजकायदा सांगतो, आणि युवराजाच्या सहीची अट ही सरळसरळ कात्री होती. स्ट्रुएन्सेचा शिरच्छेद ज्या तत्त्वावर झाला, ते इथेही लागू पडलं असतं. ते कोणी लावलं नाही, कारण युवराज वारस होता. उद्या जे त्याचं होणारच होतं, ते त्याने आज घेतलं. परक्याने घेतलं नव्हतं. शिवाय ज्याला गादी मिळणारच आहे, त्याला ती पोखरण्यात काही फायदा नसतो. वारसाला प्रतिशासक, म्हणजे राजाच्या वतीने कारभार पाहणारा, करण्याच्या बाजूने एवढा एकच मुद्दा मला खरा भक्कम वाटतो, आणि तो कायद्याचा नसून हिताचा आहे.

राजाला वेडा ठरवणारी वैद्यांची समिती कधी बसली नाही, घोषणा झाली नाही, युवराजाला ‘प्रतिशासक’ ही पदवीही मिळाली नाही. तो युवराजच राहिला. हुकूम ‘आम्ही, सातवा ख्रिश्चन’ असेच निघत राहिले.

चांगली वर्षं

बर्नस्टॉर्फ परतला, आणि त्याच्यासोबत रेव्हेन्टलो (राजाच्या त्या शिक्षकाशी याची गल्लत करू नये), शिमेलमान आणि कायदेपंडित कोल्ब्योर्नसन कामाला लागले. १७३३ पासून डॅनिश शेतकरी पुरुषाला जमीनदाराची जहागीर सोडून जायला बंदी होती, आणि १७६४ पासून ती चार ते चाळीस वर्षं वयाच्या साऱ्या पुरुषांना लागू होती. १७८६ मध्ये शेतीसुधारणेचा मोठा आयोग बसला. २० जून १७८८ च्या हुकुमाने ही बेडी तोडायला सुरुवात झाली: चौदाच्या आतले आणि छत्तीसच्या वरचे लगेच मोकळे, बाकीचे टप्प्याटप्प्याने १८०० पर्यंत. जमीनदारांनी विरोध केला, तरी युवराज मागे हटला नाही. कोपनहेगनमध्ये या सुटकेच्या आठवणीत उभारलेला स्वातंत्र्यस्तंभ आजही आहे.

१६ मार्च १७९२ च्या हुकुमाने डॅनिश गुलामांचा व्यापार १८०३ पासून बंद करायचं ठरलं. युरोपातल्या वसाहतवादी राज्यांमध्ये असं पाऊल पहिल्यांदा उचलणाऱ्यांत डेन्मार्क होता. मधल्या दहा वर्षांत मळेवाल्यांनी आणखी माणसं आणून घ्यावीत अशी सोय त्यातच होती, हेही सांगायला हवं. आणि कॅरिबियनमधल्या डॅनिश बेटांवर गुलामगिरी १८४८ पर्यंत टिकली.

जाता जाता एक आठवण. मराठी छपाईच्या आरंभीच्या इतिहासात ज्याचं नाव येतं ते बंगालमधलं श्रीरामपूर तेव्हा डॅनिश वसाहत होतं. ईस्ट इंडिया कंपनीच्या हद्दीत मिशनऱ्यांना थारा नव्हता, म्हणून विल्यम कॅरी आणि त्याचे सहकारी १८०० मध्ये तिथे एकत्र आले. त्यांना आसरा देणारा गव्हर्नर ज्या राजाच्या नावाने कारभार करत होता, तो हाच आजारी ख्रिश्चन.

१७९४ मध्ये क्रिस्टियान्सबोर्गचा राजवाडा जळाला आणि राजघराणं अमालियनबोर्गच्या वाड्यांत राहायला गेलं. त्यांतल्या एका वाड्याला आजही सातव्या ख्रिश्चनचं नाव आहे.

अंकुश नसलेला वारस

१७९७ मध्ये बर्नस्टॉर्फ वारला. इथून या प्रकरणाची दुसरी बाजू दिसू लागते. तोवर युवराजावर अंकुश होता, पण तो कायद्याचा नव्हता. बर्नस्टॉर्फच्या वजनाचा होता. माणूस गेला की असा अंकुशही जातो. १७९९ च्या हुकुमाने छपाईवर कडक बंधनं आली आणि त्यात लेखक पी. ए. हायबर्गला देश सोडावा लागला. १८०१ मध्ये ब्रिटिश आरमार कोपनहेगनसमोर आलं. २ एप्रिलच्या लढाईत ब्रिटिश सेनानी नेल्सनचं पत्र पोचलं ते युवराजाकडे, आणि युद्धबंदीचा निर्णयही त्यानेच घेतला.

१८०५ पासून तो बराच काळ सैन्यासह होल्स्टाइनमध्ये, कीलला, राहू लागला. मंत्री कोपनहेगनमध्ये, निर्णय कीलमध्ये. जवळ होते ते लष्करी अधिकारी. १८०७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटनने आरमार ताब्यात देण्याची मागणी केली, तेव्हा ती युवराजाने कीलमध्येच फेटाळली. २ ते ५ सप्टेंबर कोपनहेगनवर तोफा आणि अग्निबाण पडले, व्हॉर फ्रू चर्च जळालं, शहर शरण आलं आणि आरमार इंग्रज घेऊन गेले. त्या वेळी ब्रिटनच्या गादीवर युवराजाचा सख्खा मामा होता. पुढे डेन्मार्क नेपोलियनच्या बाजूला गेला. १८१३ मध्ये राज्याचं दिवाळं निघालं आणि १८१४ च्या कीलच्या तहाने नॉर्वे हातचं गेलं. ब्रिटिश मागणीपुढे दोन्ही पर्याय वाईट होते, हे मी मान्य करतो. पण इतका मोठा निर्णय पूर्ण मंत्रिमंडळापुढे येऊन वादाला तोंड देऊन झाला नाही, आणि तसं व्हावं असं सांगणारी एकही ओळ १७८४ च्या कागदात नव्हती.

ब्रिटनकडे पाहिलं की काय करता आलं असतं ते दिसतं. तिसरा जॉर्ज हा ख्रिश्चनचा आतेमामे भाऊ आणि मेहुणा. १७८८ च्या शेवटी तोही भ्रमिष्ट झाला. तिथे संसदेच्या समित्यांपुढे वैद्यांच्या साक्षी झाल्या आणि युवराजाला जन्मसिद्ध हक्काने कारभार मिळतो की संसद देईल तेव्हाच, यावर विरोधी पक्षाचा फॉक्स आणि पंतप्रधान पिट यांच्यात महिनोन्‌महिने वाद झाला. विधेयक पुरं होण्याआधी, फेब्रुवारी १७८९ मध्ये, राजा बरा झाला. १८११ मध्ये पुन्हा वेळ आली तेव्हा कायदा झाला: युवराज प्रतिशासक, पण पहिलं वर्षभर त्याच्या अधिकारांवर मर्यादा, आणि राजाच्या शरीराची देखभाल राणीकडे. मला यातलं शेवटचं कलम सर्वांत महत्त्वाचं वाटतं. रुग्णाची काळजी आणि राज्याची सत्ता त्यांनी वेगवेगळ्या हातांत दिली. तो ब्रिटिश युवराज उधळ्या होता, डॅनिश युवराज कष्टाळू आणि साधा. तरी ब्रिटिश व्यवस्था सरस ठरली, कारण ती युवराजाच्या स्वभावावर अवलंबून नव्हती.

१३ मार्च १८०८ रोजी रेन्ड्सबर्गमध्ये ख्रिश्चन वारला आणि युवराज सहावा फ्रेडरिक झाला. प्रत्यक्ष कारभारात फरक एवढाच पडला की सोबतची सही गेली. तो १८३९ पर्यंत राज्य करत राहिला, आणि राजकायदा त्याच्यानंतरही दहा वर्षं टिकला. १८४९ च्या संविधानाने निरंकुश सत्ता संपवली. राजा अल्पवयीन, आजारी किंवा परदेशात असेल तर कारभार कसा चालवायचा, याचा स्वतंत्र कायदा डेन्मार्कने ११ फेब्रुवारी १८७१ रोजी केला.